‘व्हय’ कुणाचा?

लिंबराज गेल्याचं मला फ्लेक्सवरून कळलं. शाळेच्या कामासाठी येडशीहून कळंबला निघालो होतो. येरमाळ्याच्या चौकात एसटी थांबली आणि खिडकीतून समोर लिंबराजचा, आमच्या लिंबाचा, फोटो दिसला. दोन बाजूंना हार, खाली ‘भावपूर्ण श्रध्दांजली’. आधी नजर गेली ती त्या ‘ध्द’वर. ‘द’ला ‘ध’ जोडायचा सोडून ‘ध’ला ‘द’ जोडलेला. या चौकातली जवळपास प्रत्येक पाटी ज्यानं हातानं रंगवली, त्याच्याच फोटोखाली कॉम्प्युटरनं ही चूक करून ठेवली होती. मग लक्षात आलं, आपण शुद्धलेखन तपासतोय आणि तिकडे लिंबा मेलाय... त्यानंतर, खरं सांगायचं तर, आणखी एक विचार आला. फोटो केवढा लावलाय! माझ्या वेळी एवढा लावतील का? लिंबाच्या बाबतीत माझ्या मनात पहिल्यांदा नेहमी असंच काहीतरी यायचं. तो गेला म्हणून माझी खोड थोडीच जाणार होती. मी गाडीतून उतरलो आणि त्याच्या घराकडे चालू लागलो.

आम्ही धाराशिवला कॉलेजात एका खोलीत राहायचो. तेव्हा गावाला सगळे उस्मानाबाद म्हणायचे आणि कॉलेजात थेट निवडणुका व्हायच्या. मी सगळ्यांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारत फिरायचो म्हणून पोरांनी मला ‘मास्तर’ नाव ठेवलं होतं. पुढे मी खरंच चित्रकलेचा मास्तर झालो, पण नाव आधीचं. इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेत मला ए ग्रेड होती आणि ते सर्टिफिकेट मी खोलीत खिळ्याला लावलं होतं. लिंबानं कसलीच परीक्षा दिली नव्हती. मामाच्या गॅरेजात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर नावं टाकून त्याचा हात बसलेला. मी अक्षरं काढायचो ती रीतसर... दोन टोकांना दोरी ताणायची, खडूनं शिरोरेघ मारायची, मग एकेक अक्षर तिला लटकवायचं, दोरीवर धुणं वाळत घालावं तसं. लिंबाचं सगळं उलटं. तो आधी अक्षरं काढायचा, बोडकी, डोक्यावर काही नाही. बघणाऱ्याला वाटायचं, हे सगळं वाकडं जाणार. मग तो दोन पावलं मागं सरायचा, ब्रश भरून घ्यायचा, श्वास रोखायचा आणि डावीकडून उजवीकडे एका दमात रेघ ओढायचा. सगळी अक्षरं एकदम ताठ उभी राहायची. मी खोलीत कुणी नसताना तसं करून पाहिलं. रेघ निम्म्यातच खाली घसरली. मग मी ब्रशला दोष दिला. नाचता येईना, अंगण वाकडं.

त्या वर्षी आमच्या वर्गातला व्यंकट जी.एस.च्या निवडणुकीला उभा राहिला. समोरच्या पार्टीनं सोलापूरहून रंगीत पोस्टरं छापून आणली होती. आमच्याकडं गेरू, नीळ, डिंक, चार वाव मांजरपाटाचं कापड आणि आम्ही दोघं. व्यंकटनं कामं वाटून दिली, मजकूर मास्तरचा आणि अक्षरं लिंबाची. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ए ग्रेड माझी आणि ब्रश त्याच्या हातात! पण म्हटलं ठीक आहे, अक्षरांत हरलो तरी शब्दांत हा माझ्या पासंगालाही पुरणार नाही. दोन दिवस बसून मी मजकूर केला. ‘व्यंकटच का? कारण अभ्यासू, निर्भीड, निष्कलंक आणि विद्यार्थ्यांच्या न्याय्य हक्कांसाठी अहोरात्र झटणारे नेतृत्व!’ व्यंकटला ‘निष्कलंक’ म्हणता येईना, तो ‘निकलंक’ म्हणायचा. पण मजकूर त्याला भारी वाटला.

कॉलेजच्या रस्त्यावर एका आडत दुकानाची लांब भिंत होती. तिच्या मालकाला विचारून चुना मारला आणि लिंबा शिडीवर चढला. त्यानं ‘व्यंकटच का?’ एवढं कमरेइतक्या उंचीच्या अक्षरांत काढलं आणि निम्म्याहून जास्त भिंत खाऊन टाकली. तोवर पंचवीस-तीस पोरं गोळा झाली होती. त्यानं श्वास रोखून रेघ ओढली तशी पोरांनी टाळ्या वाजवल्या. रेघेला टाळ्या! मी हातात मजकुराचा कागद घेऊन उभा आणि माझ्याकडं कुणी बघेना. अंगाची नुसती लाही होत होती. तेवढ्यात शिडीवरून आवाज आला, “मास्तर, बाकीचं बसत न्हाय. फुडं काय लिहू?” त्याच वेळी मागून कॅन्टीनवाल्या मामानं विचारलं, “मास्तर, चा आणू का?” मी लिंबाला उत्तर द्यायचंच नाही असं ठरवलं होतं. मामाकडं वळलो आणि रागारागात म्हणालो, “व्हय!” एरवी मी असं बोलायचो नाही, ‘हो’ म्हणायचो. पण रागात घरची बोली तोंडी येतेच. कागद खिशात कोंबला आणि मामाबरोबर कॅन्टीनला निघून गेलो.

चहा पिऊन परत आलो तर भिंतीवर लिहिलेलं होतं, ‘व्यंकटच का? व्हय!’

माझा ‘का’ म्हणजे ‘कशासाठी’. कारणं सांगण्यासाठी घातलेला. एका ‘व्हय’नं त्याचा अर्थच फिरला. आता तो कारण विचारतच नव्हता. निवडून कोण येणार, व्यंकटच का, एवढंच विचारत होता आणि भिंतच त्याला उत्तर देत होती. पोरं खिदळत होती. एकजण ओरडायचा, “व्यंकटच का?” बाकीचे सगळे, “व्हय!” कोपऱ्यात लिंबा गेरूनं भरलेले हात पुसत उभा होता. म्हणाला, “तुजाच शब्द टाकला. बसला न्हवं झ्याक?” मी म्हणालो, “बसला.”

एवढंच म्हणालो. तेव्हाच सांगायला हवं होतं की मी चहाला हो म्हणालो होतो. पण पोरं माझ्या पाठीवर थापा मारत होती, मास्तरनं काय शब्द काढला म्हणत होती... आणि मला ते हवं होतं. लिंबाच्या रेघेपेक्षा मोठं असं काहीतरी मला हवंच होतं. दुसऱ्या दिवशी लिंबानं दवाखान्यातून टाकून दिलेली एक्स-रेची फिल्म आणली, तिच्यावर ब्लेडनं ‘व्हय’ कापला आणि त्या साच्यानं आम्ही सायकलींची मडगार्डं, कॅन्टीनचे बाक, बिल्ले, जिथं जागा मिळेल तिथं तो शब्द उठवला. व्यंकट दणक्यात निवडून आला. मिरवणुकीत लिंबा जीपच्या बॉनेटवर चढून ओरडला, “शब्द मास्तरचा! म्या नुसता रंग लावला!” पोरांनी मला खांद्यावर घेतलं. वरून लिंबाकडं पाहिलं तर तो माझ्यापेक्षा खूश दिसत होता. त्याचाही मला राग आला.

त्या एका शब्दावर मी आयुष्य काढलं असं म्हटलं तरी चालेल. शाळेत, पंचायतीत, लग्नपत्रिकेत, घोषवाक्य हवं असलं की लोक माझ्याकडं यायचे. मी चिकार घोषवाक्यं केली. त्यातलं एकही कुणाच्या तोंडी बसलं नाही. लिंबानं येरमाळ्याच्या चौकात दुकान टाकलं. यात्रेच्या दिवसांत तर त्याला जेवायला फुरसत नसायची. आमच्या शाळेतली पोरं त्याला रेघ ओढताना बघायला येरमाळ्याला जायची आणि येऊन मला विचारायची, “सर, तुम्हाला तशी येते का?” पुढे फ्लेक्स आले तेव्हा मला बरं वाटलं होतं, हे लपवत नाही. म्हटलं आता बसेल हातावर हात धरून. तर ह्यानं पोराला फ्लेक्सचं मशीन घेऊ दिलं आणि स्वतः बाहेर बाकावर बसून आल्या-गेल्याच्या ट्रॉलीवर नावं टाकत राहिला, पहिल्यासारखाच मजेत. मी दुकानात गेलो की पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, “मास्तर, चा सांगू का?” आणि मग माझ्या तोंडाकडं बघत थांबायचा. मी मुद्दाम “हो, सांग” म्हणायचो. तो खाली मान घालून स्वतःशीच हसायचा. मला वाटायचं, जुन्या आठवणीनं हसतो. एक-दोनदा खरं सांगून टाकावं असं जिभेवर आलं होतं. “लिंबा, त्या दिवशी भिंतीपाशी...” एवढं म्हणालो की तो तोडायचा, “चा निवतोय, पी आधी.”

तेराव्याचे दिवस झाल्यावर पुन्हा लिंबाच्या घरी गेलो, तेव्हा वहिनी पहिल्यांदा नीट बोलल्या. त्यांनी गादीखालून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. तो साचा होता. फिल्म पिवळी पडलेली, कडा दुमडलेल्या. उजेडाकडं धरला तर कुणाच्या तरी बरगड्या दिसत होत्या आणि त्यांच्या मधोमध ‘व्हय’. “ह्ये तुमाला द्या म्हनून सांगून ठिवलं होतं,” वहिनी म्हणाल्या. मग थोडं हसल्या. “लई हसायचे वो ह्येच्यावरून. म्हनायचे, चावाल्यानं इचारलं चा आणू का, आन् मास्तर त्येला व्हय म्हनला. मला शिडीवर दोगांचंबी आवाज आले. म्हनलं, भिताडावर जागा तेवढीच हाय आन् शब्दबी तेवढाच हाय. दिला ठिवून.”

मी विचारलं, “मग मला कधी बोलला का नाही?”

“म्या बी इचारलं. तर म्हनले, माज्याकडं रेघ हाय. मास्तरकडं त्यो एकच शब्द हाय. त्योबी काढून घिऊ का?”

साचा हातातच राहिला. मी त्याच्यावर जन्मभर जळलो आणि त्याला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ‘चा सांगू का’ विचारून माझ्या तोंडाकडं बघायचा तो त्यासाठी. म्हणजे मोठेपणातही तोच पुढे... वहिनींसमोर बसून, डोळ्यांत पाणी आलेलं असताना, मला त्याचा पुन्हा हेवा वाटला. आजही वाटतो. असं देऊन टाकणं मला एक दिवसही जमलं नसतं.

वहिनी माझ्याकडं बघत होत्या. “भावजी, खरं हाय का वो त्ये? का ह्ये आपले उगंच सांगायचे?”

त्याच वेळी आतून सुनेनं विचारलं, “काका, चा ठिवू का?”

“व्हय,” मी म्हणालो. वहिनींकडं बघून म्हणालो.