आत्याच्या घशातली बी आणि बंद मोटार

मोटारीचे शास्त्र मला पूर्ण अवगत होते. फक्त मोटारीला ते ठाऊक नव्हते.

वऱ्हाड-मध्यप्रांतात तेव्हा मोटारी इतक्या कमी, की अकोल्याला एका ड्रायव्हरशेजारी चार दिवस बसून आलेला मी साखरखेर्ड्यात तज्ज्ञ ठरलो होतो. त्याच भरवशावर बाबांनी एका निवृत्त तहसीलदाराची जुनी मोटार घेतली. आणि एका सकाळी माझ्या आत्याच्या घशात बोराची बी अडकली.

आत्याला बोलता येईना. (आमच्या घराण्यात हे पहिल्यांदाच घडत होते!) आधी वाटले, निघेल. पण तिचा श्वास शिट्टीसारखा वाजू लागला, तेव्हा बाबांचा चेहरा उतरला. पाठीत बुक्क्या मारून झाल्या, केळे भरवून झाले, बी हलेना.

"मेहकरले डॉक्टरकडे नेऊ. काढ बे मोटार!"

आत्याला मागे बसवले, बाबा पुढे बसले. मी समोर जाऊन हँडल फिरवले. घर्रर्र... गप्प. पुन्हा फिरवले. गप्प!

"काऊन बे, चालू काऊन नाही होऊन राह्यली?"

"ठिणगी पडत नसन, बाबा."

"मंग पाड ना!"

मी बॉनेट उघडले. साऱ्या वायरी उपटल्या, प्लग काढले, धोतराच्या सोग्याने पुसले, फुंकले, परत बसवले. घाईत कुठली वायर कुठल्या प्लगची याचा पत्ता नाही. हाती आली ती लावली. मागची शिट्टी बारीक होत चालली होती.

हँडल. गप्प!

"अबे, तिचे ओठ निळे पडून राह्यले!" बाबांचा आवाज फाटला. मला तर रडूच फुटायच्या बेतात होते. बाबा घाबरून समोरचे दिसेल ते चाचपू लागले.

"ही किल्ली कायची हाय बे?"

ठिणगीची किल्ली! ती फिरवल्याशिवाय इंजिनात वीज जातच नाही, हे ड्रायव्हरने मला पहिल्याच दिवशी सांगितले होते.

"फिरवा बाबा, फिरवा!"

बाबांनी फिरवली. मी जिवाच्या आकांताने हँडल मारले. उलटसुलट लावलेल्या वायरींनी भलत्याच वेळी ठिणगी टाकली, आणि मोटारीच्या मागून असा बार उडाला (धडाम!), की गोठ्यातले बैल दावे तोडून पळाले, हँडलच्या झटक्याने मी धुळीत आडवा झालो आणि आत्या सीटवरून हातभर उडाली. तिला जोराचा ठसका लागला. बी सुटली ती थेट बाबांच्या मानेवर!

मग आत्याने लांब श्वास घेतला.

"मुडद्या! डॉक्टरकडे नेऊन राह्यला का मसणात?"

बाबा ढसाढसा रडू लागले. शिवी ऐकून इतका आनंद मलाही आयुष्यात कधी झाला नव्हता.

मोटार त्या दिवशी सुरू झालीच नाही. माझे नाव मात्र पंचक्रोशीत झाले. गाडी चालवायला मला पुन्हा कोणी बोलावले नाही. पण कुणाच्या घशात काही अडकले, की हमखास दारात माणूस उभा :

"भाऊ, तुमची मोटार जराशी बिघडवून देता का?"