सटवाईला विचारलेला जाब

सोनगीरच्या मंजुळाबाईंचं पहिलं मूल आठव्या दिवशी गेलं. आधी दूध ओढेना, मग जबडा आवळला, अंग धनुष्यासारखं ताठलं. सासू म्हणाली, सटवाईनं नेलं. मंजुळाबाईंना ते काही पटलं नाही.

नवरा वारल्यावर त्या धुळ्याला सुइणीचं काम शिकल्या आणि १९३१ साली नर्स होऊन गावी परतल्या. बाळंतपणं करता करता त्यांनी कुणी न सांगितलेलं एक काम अंगावर घेतलं. पंचक्रोशीत जिथं तान्हं मूल दगावलं, तिथं जाऊन आईला विचारायचं: दूध कितव्या दिवशी सुटलं, नाळ कशानं कापली, बेंबीला काय लावलं? जगलेल्या मुलांच्या आयांनाही त्या नाळेचं, बेंबीचं विचारत आणि सगळं वहीत लिहून ठेवत. लोक हसत.

अभिमन पाटलांनी चावडीवर बोलावलं. "मरेल पोरे मोजीसन तुले काय भेटी?"

"नाही मोजली तर मरतच राहतील, आबा."

धुळ्याच्या डॉक्टरांनी तर वही उघडलीसुद्धा नाही. "बाई, संशोधन आमचं काम. तुम्ही बाळंतपणं करा."

"मग तुम्ही चला. घरं मी दाखवते."

ते आले नाहीत. बाई फिरत राहिल्या. तीन वर्षांत दोनशे बारा घरं झाली. विळ्यानं नाळ कापून शेणाची राख लावलेली एकसष्ट मुलं आकडी येऊन दगावली होती. उकळलेल्या कात्रीनं कापलेल्यांत फक्त एक.

एके दुपारी गावची म्हातारी सुईण भिकुबाई अंगणात येऊन बसली. भांडायला आली असेल, असं बाईंना वाटलं. तिनं वहीकडे बोट केलं.

"त्यामा मना हातना कितला शेतस?"

खोटं सांगता आलं असतं. "तुमच्या हातची एकोणीस, अक्का."

भिकुबाई उठली. "माले कोनीच सांगं नही," एवढंच म्हणाली आणि निघून गेली.

महिन्याभरात पाटलांची सून अडली. पाटलांनी मंजुळाबाईंना टाळून भिकुबाईला बोलावलं. ती उंबऱ्यातच थांबली. "पहिले पानी उकाळा. आनि मंजुळाले बलावा. नहीते मी हात लावाव नही."

पाटलांचा नाइलाज झाला. मुलगी झाली, आणि बाराव्या दिवशी पाळण्यात घातली.

पुढं धुळ्याच्या दवाखान्यात नवे डॉक्टर आले. त्यांना मुंबईला अहवाल धाडायचा होता, म्हणून वही मागायला ते स्वतः सोनगीरला आले.

"वही देणार नाही," मंजुळाबाई म्हणाल्या. "इथं बसून नक्कल करा. आणि खाली दोन नावं घाला. एक माझं, एक भिकुबाईचं."