आबांनी उलटी बसवलेली क्लिप

आबांच्या मोटारसायकलची चेन बदलायची होती आणि ते गॅरेजला जायला तयार नव्हते. "फौजेत आमी ट्रक खोलल्यात," म्हणाले. म्हणून सांगलीहून सुट्टीला वडूजला आलेली मी, त्यांची लेक, चिडतच पक्कड घेऊन अंगणात बसले. मलाही गाडी येते, पण आबांनी तिचं हँडल माझ्या हातात कधी दिलं नाही.

त्यांची रीत अशी, की जुनी चेन आधी काढून टाकायची नाही. तिच्या एका टोकाला नवी जोडायची आणि दुसरं टोक ओढत राहायचं. म्हणजे जुनीच नवीला पुढच्या दातेरी चाकावरून फिरवून आणते, कव्हर खोलावं लागत नाही. जमलंही छान.

शेवटी राहिली जोडावरची बारीक क्लिप. तिचं बंद तोंड चेन पळते त्या दिशेला लागतं, नाहीतर ती चालत्या गाडीत निसटते. आबांनी ती उलटी बसवली.

"आवं आबा, उलटी हाय!" मी ओरडलेच. "रस्त्यात चेन सुटली असती म्हंजे?"

त्यांनी क्लिपवरून अंगठा फिरवला. मग पुन्हा फिरवला. तिच्याकडे पाहिलं मात्र नाही. तेव्हा मला कळलं, एवढी बारीक क्लिप त्यांना आता दिसतच नव्हती.

"तूच बसीव मग."

मी बसवली. आबांनी हात पुसले, खिशातून किल्ली काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"चल, शेताकडं जाऊन यिऊ."

आणि अख्ख्या गल्लीदेखत आबा माझ्या मागं बसले.