साहेब उठेपर्यंत

विमानतळावर आईने पासपोर्टपासून पायमोज्यांपर्यंत सगळ्या सूचना दिल्या. बाबांनी एकच दिली. "साहेब उठल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. नोकरी अशीच टिकते." बाबांनी चाकणच्या कारखान्यात अख्खी नोकरी याच नियमावर काढलेली. त्यामुळे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षानंतरच्या सुट्टीत मला इंग्लंडमध्ये इंटर्नशिप मिळाली, तेव्हा मी पुण्याहून बेसिंगस्टोकला मेतकूट, लोणचं आणि हा नियम असं तिन्ही नीट बांधून नेलं.

कंपनी रेल्वे स्टेशनवरची तिकिटाची गेट बनवायची. कार्ड टेकवलं की काचेची दोन दारं उघडतात, माणूस पलीकडे गेला की मिटतात, ती. तिथलं नवंकोरं गेट लॅबच्या दारातच बसवलेलं होतं. चहाला जायचं तरी आपलं कार्ड टेकवून त्यातूनच जायचं, हा आमच्या साहेबांचा हट्ट. रोज स्वतः वापरलं तरच त्याच्या खोड्या कळतील, असं त्यांचं म्हणणं. साहेब म्हणजे साठीला आलेले, उंच, लाल नाकाचे गृहस्थ. पहिल्याच मिनिटाला म्हणाले, "मला सर म्हणू नकोस, नावाने हाक मार." मी "येस सर" म्हणाले.

इंटर्न आम्ही दोघी. दुसरी चीनमधल्या चेंगडूहून आलेली. माझ्याएवढीच, माझ्याएवढीच घाबरलेली आणि चष्म्याआडून माझ्याकडे तितक्याच संशयाने बघणारी. आमची ओळख करून देतानाच साहेबांनी सांगून टाकलं. येत्या शनिवारी या गेटची पहिली खरी चाचणी आहे, एका क्रिकेट मैदानाजवळच्या स्टेशनवर, मॅच सुटतानाच्या गर्दीत. व्हॅनमध्ये तंत्रज्ञ, ते स्वतः आणि आणखी एकच सीट. "तुमच्यापैकी एकीला नेणार. कोणाला, ते शुक्रवारी सांगतो. ती उन्हाळाभर या गेटवर काम करील. दुसरीला वरच्या मजल्यावर माहितीपुस्तिका लिहायच्या आहेत."

माहितीपुस्तिका! त्यासाठी मी सातासमुद्रापार आले होते का? ती सीट माझीच, मी मनाशी पक्कं केलं. समोर पाहिलं तर चष्म्याआड तेच पक्कं झालेलं दिसत होतं.

पाच वाजले आणि लॅबमधली माणसं शाळा सुटल्यासारखी उठली. कोट, बॅग, बाय, सगळं झटपट. एकेक जण गेटशी जायचा, पुढचा पार पलीकडे जाईपर्यंत मागचा अदबीने लांब थांबायचा. मी बसून राहिले, कारण काचेच्या केबिनमध्ये साहेब बसलेले होते. चेंगडूवालीही हलली नाही. साहेबांनी मान वर करून आमच्याकडे पाहिलं, पुन्हा खाली घातली आणि ते बसले. बाहेर लख्ख ऊन, तिकडे जूनमध्ये सूर्य मावळायचं नावच घेत नाही, त्यामुळे वेळेचा अंदाजही येईना. काम केव्हाच संपलेलं. मी तीच फाइल उघडत होते, मिटत होते. शेजारी ही बया जोरजोरात टाईप करत होती, म्हणून मीही जोरजोरात टाईप करायला लागले.

थोड्या वेळाने साहेब बाहेर आले. "सगळं ठीक ना?"

"हो हो!" आम्ही दोघी.

"काही मदत हवी?"

"नाही नाही!"

ते गेले, पुन्हा बसले. मग खोकले. मग खिडकीपाशी उभे राहिले. मला मनातून गुदगुल्या होत होत्या. काय खूश झाला असेल माणूस, पुण्याच्या मुली कशा चिवट असतात ते बघून! शेवटी त्यांनीच दिवे बंद करायला घेतले, तेव्हा आम्ही दोघी एकदमच उठलो.

मंगळवारी तेच. बुधवारी तेच, आणि साहेबांचा चेहरा कढी आंबल्यासारखा.

मी राहायला होते आईच्या मैत्रिणीच्या बहिणीकडे. काकू तिथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. त्यांची मुलगी माझ्याहून थोडी मोठी, इथेच जन्मलेली, कौन्सिलमध्ये नोकरीला. तिचं मराठी भारी गोड, फक्त लिंगांचा पार खिमा. बुधवारी मी पाय ओढत घरी आले तर ती विचारते, "तू रोज इतका लेट का येते? तुझी मॅनेजर खूप मीन आहे?"

मी ऐटीत सगळा प्रकार सांगितला. ती डोळे मोठे करून बघतच राहिली.

"अगं सिली! तो तुझ्यासाठी थांबतो! इंटर्नला लॅबमध्ये एकटा ठेवायला अलाउड नाही. हेल्थ अँड सेफ्टी! तू जात नाही म्हणून तो बिचारी घरी जात नाही."

"पण मी तर ते जायची वाट बघते!"

"आणि इकडे लेट थांबली ना, तर लोकांना वाटते की हिला काम जमत नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे मी मर मर मरत चिवटपणा दाखवत होते आणि तिकडे त्याची नोंद 'ढ' अशी होत होती! काकू मटार सोलता सोलता इतक्या हसल्या की अर्धे मटार जमिनीवर गेले. "अगं, मी नवीन असताना कन्सल्टंट उठेपर्यंत उपाशी बसायचे," त्या म्हणाल्या. "शेवटी त्यांनीच विचारलं, तुला घर नाही का म्हणून."

सकाळी बसस्टॉपवरून बाबांना फोन लावला. "बाबा, तुमचा नियम इथे उलटा चालतो. मी उठेपर्यंत साहेब बसून राहतात."

बाबा म्हणाले, "अरेच्चा. मग त्या बिचाऱ्याला घरी कोण पाठवणार?"

मला हसू फुटलं. रांगेतल्या पुढच्या गृहस्थाने वळून पाहिलं आणि तो एक पाऊल पुढे सरकला. मी सवयीने त्याची जागा भरून काढली. तो आणखी सरकला. हे सोमवारपासून रोज चाललं होतं. आम्ही दोघं मिळून बसच्या आधीच बेसिंगस्टोक सोडू की काय, असं मला वाटायचं.

दुपारी चहाच्या खोलीत तंत्रज्ञाने उरलेलंही सांगितलं. साहेब त्यांच्या गावच्या चर्चमध्ये घंटा वाजवणाऱ्या मंडळात आहेत. मोठमोठ्या घंटा, प्रत्येकाच्या हातात एक दोर, ठरलेल्या क्रमाने ओढायचा. एक माणूस कमी पडला तर सगळ्यांचा ताल जातो. शनिवारी गावात लग्न आहे, त्यात घंटा वाजवायच्यात, पण चाचणीमुळे साहेबांनी 'येणार नाही' असं आधीच कळवलंय. मंगळवारची तालीमही बुडली, आज गुरुवारचीही बुडणार. "कारण..." तो म्हणाला आणि माझ्याकडे बघून त्याने बिस्किट चहात बुडवलं.

मी गणपतीत ढोल पथकात वाजवलेली मुलगी. तालीम बुडवणं म्हणजे काय पाप असतं, ते मला विचारा! मला त्या माणसाची इतकी दया आली की मी उभीच राहिले.

आता खरं तर माझं काम सोपं होतं. पाचला एकटीने उठायचं, गोड हसून बाय म्हणायचं आणि चेंगडूवालीला बसू द्यायचं जोरजोरात टाईप करत. सीट खिशात. मोह झाला, का होऊ नये? पण ती समोरच बसून, आणलेला भात चमच्याने इकडून तिकडे करत होती आणि तिचे डोळे झोपेने मिटत होते. ते पाहून मला माझाच राग आला.

"ऐक," मी म्हटलं, "आपण दोघी महामूर्ख आहोत."

मी सगळं सांगितलं. तिने चमचा खाली ठेवला. आधी लाल झाली, मग हसत सुटली. "माझ्या आईने विमानतळावर मला काय सांगितलं माहितेय? बॉस जाईपर्यंत जागची हलू नकोस!" दोघी चहाच्या खोलीत पोट धरून हसत होतो. त्या दिवसापासून आम्ही मैत्रिणी झालो.

पाच वाजले. मी केबिनच्या दारात गेले आणि मोठ्याने म्हणाले, "सर, काम झालं. आम्ही घरी चाललो. बाय."

साहेबांच्या चेहऱ्यावर जे उजाडलं ते मी जन्मात विसरणार नाही. त्यांनी विचारलंसुद्धा नाही. कोट ओढला, बॅग काखोटीला मारली आणि माणूस अक्षरशः पळत सुटला. आम्ही दोघी सवयीप्रमाणे एकमेकींना चिकटून गेटशी पोचलो होतो, साहेब घाईत आमच्या पाठीला येऊन भिडले. कार्ड, कार्ड, कार्ड. ती गेली, मी गेले आणि धाडकन दारं मिटली. साहेब दारांशीच अडकले, काखेतल्या बॅगेचं टोक आमच्या बाजूला, ते पलीकडे.

साहेब गेटकडे असे बघत होते, जसा काही घरचा कुत्रा चावला.

"परत!" मी ओरडले. "परत करू या, तसंच चिकटून!"

परत केलं. परत धाडकन. मग लांब लांब उभं राहून केलं, तर गेट एकदम शहाण्यासारखं. पुन्हा चिकटून, पुन्हा धाडकन. मला एकाएकी बसस्टॉपवरचा तो पुढे पुढे सरकणारा गृहस्थ आठवला आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गेट दोन माणसांमधली फट शोधत होतं. फट दिसली की एक गेला, दुसरा आला. फटच नसली की त्याला आम्ही तिघं मिळून एकच लांबलचक माणूस वाटत होतो, आणि एका माणसाचा वेळ संपला की ते दारं मिटत होतं; दोघींपुरतं कसंबसं निभायचं. त्या इमारतीत कोणी कधी असं चिकटून चाललंच नव्हतं! अशी चालणारी माणसं पुण्याहून आणि चेंगडूहून यावी लागली.

"शनिवारी मॅच सुटल्यावर, बियर प्यायलेली सगळी गर्दी..." साहेब पुटपुटले आणि पांढरे पडले. कोट काढायला लागले.

"काढू नका," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "आता कोणीच नाहीये दुरुस्त करायला. तुम्ही तालमीला जा. उद्या सकाळी आम्ही सगळं दाखवतो."

"नक्की?"

"नक्की. जा!"

आणि ते गेले. मी साहेबांना घरी पाठवलं होतं!

शुक्रवार म्हणजे नुसती धमाल. सॉफ्टवेअरवाले बसले, चेंगडूवालीने त्यांना स्पष्टच सांगितलं, फट शोधू नका, कार्डं मोजा. ते बदल करत होते आणि दर थोड्या वेळाने तपासायला अख्ख्या लॅबची रांग लागायची, मी रांगेची मुकादम. "जवळ या! अजून जवळ! हे काय जवळ आहे? मध्ये स्कूटर उभी राहील!" इंग्रज माणसाला दुसऱ्याला खेटून उभं करणं किती कठीण, ते मला विचारा. माफी मागत सरकायचे, सरकल्याबद्दल पुन्हा माफी मागायचे. तंत्रज्ञ तर कानापर्यंत लाल झाला. दुपारनंतर मात्र सगळ्यांना चेव आला, आणि अख्खी लॅब आगगाडीच्या डब्यांसारखी एकमेकांना चिकटून गेटमधून गेली. एकदाही धाडकन झालं नाही. काय आरडाओरडा केला आम्ही!

पाचच्या सुमाराला साहेबांनी दोघींना केबिनमध्ये बोलावलं. माझा जीव टांगणीला.

"बुधवारपर्यंत," ते म्हणाले, "तुम्हा दोघींनाही वरच्या मजल्यावर पाठवायचं मी जवळजवळ ठरवलं होतं. इतका वेळ बसूनही यांचं काम संपत नाही, म्हटलं."

आम्ही एकमेकींकडे बघितलंसुद्धा नाही, हसू आलं असतं म्हणून.

"व्हॅनमध्ये एकच सीट आहे, हे खरं. पण मी तिथे येऊन काय करणार? गेट तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळलंय. माझी सीट घ्या. मला एक लग्न वाजवायचंय."

शनिवारी मॅच सुटली आणि स्टेशनवर माणसांचा लोंढा आला. गाणी म्हणत, टोप्या उडवत, गळ्यात गळे घालून. रांगेतला तो सगळा अदबशीरपणा बियरमध्ये विरघळून गेलेला. मी आणि ती गेटच्या दोन्ही बाजूंना हात घट्ट आवळून उभ्या. कार्ड, कार्ड, कार्ड, कार्ड, आणि दारं उघडी, उघडी, उघडी. एक कुटुंब तर मुलाला खांद्यावर घेऊन घोळक्याने गेलं, गेटने हूं की चूं केलं नाही. शेवटचा माणूस पलीकडे गेला तेव्हा आम्ही दोघी फलाटावर नाचलो. होय, नाचलो! तंत्रज्ञाने तोंड फिरवलं, पण त्याचाही पाय ताल धरत होता.

साहेबांचा फोन आला. मागे घंटांचा एकच कल्लोळ, दोर घटकाभर दुसऱ्याच्या हाती दिलेला. "काय झालं?" ते ओरडून विचारत होते. मी उत्तर न देता फोन गेटशी धरला आणि आम्ही दोघी एकमेकींना चिकटून त्यातून गेलो, दोन वेळा उगीचच, एकदाही धाडकन न होता. पलीकडून ते हसल्याचं ऐकू आलं.

मग बाबांना लावला. तिकडे झोपायची वेळ टळून गेलेली, पण पहिल्याच रिंगला उचलला. मी काही बोलायच्या आधीच त्यांचा पहिला प्रश्न, "साहेब कुठे आहेत?"

"त्यांच्या गावी. घंटा वाजवतायत."

"अगं, मग तिथे काम कोण बघतंय?"

"मी, बाबा."