मामांचा ॲड ब्लॉकर

तंजावुरात फोन दुरुस्त करणारे पुष्कळ, पण आपल्या मराठी घरांना मीच लागतो. घरचा माणूस, फोनमधलं काही दिसलं तरी बाहेर बोलणार नाही, असा त्यांचा समज. त्यामुळे माझ्याकडे फोनांपेक्षा लोकांची गुपितंच जास्त साठलीत. नावं बदलून सांगतो.

*

सरोजाक्कांनी मुलीचं लग्न मोडल्याचं कोणाला कळू दिलं नव्हतं. नवरात्रात बायका घरी कोलूच्या, पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्या बघायला आल्या, म्हणून अक्कांनी आपल्या फोनवरून टीव्हीला देवीची आरती लावली. आरतीआधी लागोपाठ तीन जाहिराती, तिन्ही लग्न जुळवणाऱ्या. तिसरी तर म्हणाली, "झालं गेलं विसरा, नव्याने स्थळ शोधा." प्रसादाचं हरभऱ्याचं सुंडल हातात पडेपर्यंत सगळ्या बायका बाहुल्याच बघत राहिल्या.

*

बँकेतले गणपतराव फार सावध. कॅमेऱ्यावर चिकटपट्टी, लोकेशन बंद. "आपली माहिती म्हणजे आपली अब्रू," असं मला ऐकवायचे. पोंगलला कापडाच्या दुकानात त्यांनी लकी ड्रॉची चिठ्ठी भरली: पत्ता, पगार, बायकोची जन्मतारीखसुद्धा! बक्षीस लागलं नाही. बायकोच्या वाढदिवसाला मात्र पहिला फोन कर्ज देणाऱ्या कंपनीचा येतो.

*

माझंच घ्या. एकदा छातीत दुखलं म्हणून गुपचूप नेटवर शोधलं. निघाला गॅस. पण तेव्हापासून दर गाण्याआधी विम्याच्या जाहिरातीतला एक कोटवाला विचारतो, "तुमच्यानंतर कुटुंबाचं काय?" मुलगी म्हणाली, "अप्पा, हा तुम्हालाच का विचारतो?" त्याच आठवड्यात मी सगळ्या नातेवाइकांच्या फोनवर जाहिराती अडवणारा ॲड ब्लॉकर फुकट बसवून दिला.

*

त्यात पापनाशमचे व्यंकटमामाही होते. मामी गेल्या वर्षी वारल्या. मुलगा, सून, नातवंडं तमिळच बोलतात. मराठी कळते, बोलता येत नाही. मामा दिवसभर फोनवर अभंग ऐकतात.

आठ दिवसांनी मामा बसने, लंगडत, माझ्या दुकानात आले.

"ते काढून टाक," म्हणाले. "ती बाई येईनाशी झाली."

"कोण बाई?"

"तेलाची. अभंगाआधी विचारते, आजोबा, आज गुडघे कसे आहेत?"

मी समजावलं, "मामा, तुमचं वय, भाषा, दुखणं, सगळं त्या जाहिरातवाल्यांनी टिपून ठेवलंय. ती तुमच्यासारख्या सगळ्यांना हेच विचारते."

"असूं दे रे. तुझी मामी गेल्यावर घरात मराठीत मजला कोण विचारतं, सांग."

मी ब्लॉकर काढला, अभंग लावला. बाई आली, हसली, तिने विचारलं. मामांनी नेसलेली वेष्टी गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि फोन तोंडाजवळ धरला.

"आज डावा जास्त आहे, बाई."