जुलाब की जबाब

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई सुरू झाली, तेव्हा जामखेड तालुक्यातल्या एका गावात मी शिक्षिका म्हणून नुकतीच रुजू झाले होते. मी नगरची, एकटी. शेजारच्या आजींचा काय तो आधार. सरकारचे हुकूम मुंबईहून नगरला आणि नगरहून तालुक्याला बिनतारी यंत्रावर येत. तिथून सायकलवरचा पोलीस ते आमच्या चावडीवर आणी. अंधार पाळा. उजेड बाहेर दिसू देऊ नका. अनोळखी माणसावर नजर ठेवा. गावात अनोळखी अशी मीच होते, हे काही माझ्या ध्यानात आलं नाही.

त्यातच माझं पोट बिघडलं. घराला संडास नव्हता. त्या रात्री किती वेळा शेताकडे गेले कोण जाणे. विंचवाच्या भीतीनं बॅटरी घेत होते आणि हुकूम आठवून काचेवर हात धरत होते. पाऊल टाकण्यापुरता हात काढायचा, पुन्हा धरायचा. ज्वारीच्या राखणीला बसलेल्यांना तो उजेड लुकलुकताना दिसला. त्यांनी पोलीस पाटलांना उठवलं. सकाळी पाटील माझ्या दारात आले, तोवर 'बाई विमानांना खुणा करते' ही खबर जामखेडवरून नगरला पोचलीसुद्धा होती.

"रातच्याला शेतात काय करत हुता, बाई?"

त्यांच्यामागे माझ्या वर्गातल्या मुलांचे बाप उभे होते. 

"काही नाही," मी एवढंच म्हणाले. त्यानं संशय पक्का झाला.

पाटील मला एसटीनं जामखेडला घेऊन निघाले. आजी आपणहून शेजारी येऊन बसल्या. वाटेत त्यांनी कानाशी लागून विचारलं, तेव्हा त्यांना खरं सांगितलं. ठाण्यात हवालदारांनी खुर्ची दिली, अदबीनं विचारलं. मी पदर पिळत राहिले. शेवटी आजी कडाडल्या, "पोरीला जुलाब लागल्यात! शेतात न्हाई तर कुटं जायाचं तिनं?"

हवालदारांनी नजर खाली वळवली. "येवढंच व्हय? आत्ता नगरला कळवतो."

मला हायसं वाटलं, पण फोनची लाइन खरखरत होती. त्यांना ओरडावं लागलं.

"साहेब, जुलाब! न्हाई, जबाब न्हाई झाला, जुलाब झाल्यात! बाईंना! पोट बिघडलंय, पोट!"

बाजाराचा दिवस होता. खिडकीबाहेर माणसं थांबली. कुणीतरी हसलं. हवालदारांचे कान लाल झाले होते, तरी ते ओरडतच राहिले. फोन ठेवून म्हणाले, "सुटलात, बाई. पन पयली खबर मुंबईला गेलीय, तवा हीबी तिकडं कळवत्यात."

जमीन दुभंगली असती तर मी खुशाल आत शिरले असते.

परतताना पाटलांनी हात जोडले. "चुकलं आमचं, बाई." भरल्या एसटीत सगळ्यांनी माना वळवून माझ्याकडे पाहिलं. त्यांनी माफी मागितली नसती तर बरं, असं मला वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात एकही मूल हसलं नाही. सगळ्यांना बहुधा घरून दटावून पाठवलेलं असावं. एका मुलीच्या आईनं ताक-भात पाठवला, दुसरीनं डाळिंबाची साल. घरोघरी माझ्या पोटाची चौकशी चालली होती. मला तो ताक-भात गिळवेना.

उन्हाळ्यात मी बदली मागितली आणि पारनेरला गेले. अर्जात कारण लिहिलं होतं, इथलं पाणी मानवत नाही.