नायलॉनची गाठ

शिबिर भरवायचं म्हटलं की लोक आधी पाहुण्यांच्या खुर्च्या मोजतात. मी आधी उजेड कुठून येतो ते बघते. हाताचं काम शिकायचं तर हात दिसायला हवेत. मांडव्याजवळच्या त्या कोळीवाड्यात मी देवळाचा मंडप सोडून नाखव्याची पडवी मागून घेतली ती एवढ्यासाठीच. नाखवा म्हणजे बोटीचा मालक. पडवी त्याची, आणि शिबिराचं कारणही त्याचंच.

साठ सालानंतरची गोष्ट. नायलॉनचं सूत किनाऱ्यावर नुकतं येऊ लागलं होतं. नाखव्याने ते मुंबईहून आणलं होतं, पण विणायला द्यायला तो कचरत होता. गावातल्या बायकांचा हात सुती जाळ्यावर बसलेला. त्याने मला स्पष्ट सांगितलं, "तुमच्या शिबिरात जाली नीट झाली तर सूत गावात देईन. न्हायतर परत मुंबईला धाडीन, तितं यंत्रावर विनून मिलतं."

हे ऐकून सगळ्यात जास्त धास्तावली ती गावातली एक विधवा. तिचं घर जाळी विणण्यावरच चालत होतं. दोन मुलं, नवऱ्यामागे बोटीतला वाटा नाही. सुती जाळ्यात तिच्या हाताला तोड नव्हती. सुई दिसायची नाही, नुसती जाळी वाढत जायची. पण सुती जाळी दरवर्षी कुजतात आणि नायलॉन कुजत नाही, हे तिलाही कळत होतं. सूत गावात राहिलं नाही तर तिला टोपली घेऊन बाजारात बसावं लागणार होतं, आणि धंद्यात उतरायला तिच्याजवळ स्वतःची मासळी नव्हती.

मी मूळची तळा गावची, डोंगराकडची. समुद्राशी माझी ओळख सुकटीपुरती. महिला मंडळाच्या कामाला लागल्यावर कोळीवाडे पायाखालचे झाले. सोमवार ते बुधवार असं शिबिर मी ठरवलं, तेव्हा एका म्हातारीने विचारलं, "बाय, तवा उधान हाय. बोटी भरून येतील, तवा मासली निवडू का तुमचा शिबिर बगू?" वार खोडून मी अष्टमीचे दिवस धरले. भांगाच्या त्या दिवसांत पाण्याला जोर नसतो, बोटी बहुतेक काठाला असतात आणि बायकांचे हात मोकळे असतात. मुंबईहून येणाऱ्या शिक्षकांनाही तशी चिठ्ठी गेली. ते तक्रार न करता लाँचने आले.

पहिल्या दिवशी त्यांनी नायलॉनची दुहेरी गाठ दाखवली, टोक दिव्यावर धरून कसं वितळवायचं ते दाखवलं. मी लहान मुलांना मागच्या अंगणात एका आजीच्या हवाली केलं आणि दिव्यांपाशी वाळूची बादली ठेवली. दुपारपर्यंत प्रत्येकीच्या हातात वीतभर जाळी तयार. विधवेची हातभर. शेजारी तिची जाऊ बसलेली. तिचं काम सावकाश, प्रत्येक गाठीला हिसका.

"काय गो, गाठ बांधतेस का वैर?" विधवेने विचारलं.

"तू हो पुढं. मी येते मागनं," जाऊ म्हणाली.

कच्ची जाळी पाण्यात टाकून बघणं शिक्षकांनी शेवटच्या दिवसावर ठेवलं होतं. मला ते पटेना. शेवटच्या दिवशी चूक कळली तर ती घरी घेऊन जाण्यापलीकडे काय करणार? मी आग्रह धरला, आणि पहिल्याच संध्याकाळी सगळे तुकडे दगड बांधून खाडीच्या तोंडाशी खुंटांना लावले.

सकाळी तुकडे वर काढले. जाऊचा तुकडा जसाच्या तसा. बाकीचे थोडे सैल. विधवेच्या तुकड्यात मात्र गाठी सरकून जाळीच्या दोन डोळ्यांचा, म्हणजे भोकांचा, एक झाला होता, त्यातून माझा हात आरपार गेला.

"बारीक मासलीला वाट ठेवलीय वाटतं," जाऊ म्हणाली. बायका हसल्या. विधवा हसली नाही. पडवीच्या दुसऱ्या टोकाला नाखवा विडी ओढत उभा होता, त्याने बघितलं आणि विडी विझवून आत गेला.

शिक्षक तिची गाठ तपासत होते. "गाठ तर बरोबर घातलीय," ते म्हणाले. मी तिला सुती दोरा दिला आणि म्हटलं, यावर घाला, सावकाश. तिने घातली. गाठ घालून झाली, पण ओढली अर्धवटच.

"एवढीच ओढता?"

"व्हय. बाकी पानी आवलतं ना."

सुती दोरा भिजला की फुगतो आणि गाठ आपोआप घट्ट बसते. म्हणून तर तिचा हात इतका पळायचा. अर्धं काम ती इतकी वर्षं समुद्रावर सोडत आली होती. नायलॉन भिजून फुगत नाही. शिक्षकांनी हे सांगितलं तेव्हा जुन्या विणणाऱ्या सगळ्याच एकमेकींच्या हाताकडे बघू लागल्या. हिसके देणाऱ्या जावेला ही सवय कधी लागलीच नव्हती.

दुसरा दिवस मी त्या एकाच गोष्टीला दिला. ठरलेलं बाकीचं सगळं रद्द केलं. जाळी पायाच्या अंगठ्यात अडकवायची, गाठ घालायची, पूर्ण ताणायची, मगच पुढची. विधवेचा हात वारंवार पुढे पळे. पळाला की जाऊ नुसती "पानी," म्हणे, आणि ती चडफडत मागे येई. संध्याकाळी तिची बोटं सोलवटली होती. तिने खोबरेल लावलं आणि पुन्हा बसली. त्या रात्री तिचा तुकडा परत खाडीत गेला.

तिसऱ्या सकाळी नाखव्याने तो स्वतः वर काढला. दोन्ही मुठींत धरून ताणला, एका बाजूने पाय देऊन ओढला. गाठी हलल्या नाहीत.

"चांगली हाय. पन सुती जाल्याएवढ्या लवकर देशील का?"

मला वाटलं ती हो म्हणेल. गरज होती तिला. ती म्हणाली, "न्हाय. दुप्पट वेल लागंल. घाईनं पायजे तर मुंबईला धाडा."

नाखव्याने तुकडा पुन्हा एकदा ताणून बघितला. तिने जावेकडे बोट केलं. "हिला संगती द्या. मी विनीन, ही प्रत्येक ओळ ताणून बघंल. तिला दुसऱ्याचं वाईट काढायची हौस हायेच."

"मोप हाय," जाऊ म्हणाली.

नाखव्याने आतून नायलॉनच्या सुताची गुंडी आणली आणि दोघींच्या मधे ठेवली. दुपारी सामान गुंडाळून मी अलिबागच्या गाडीला निघाले, तेव्हा दोघी पडवीच्या उजेडाच्या बाजूला जागा धरून बसल्या होत्या. पहिली ओळ झाली होती, आणि तिच्यातली एक गाठ उसवायची की नाही यावर जोरात भांडण चाललं होतं.